नको म्हणायची सोय

रा. रा. विंडोज ११ यांस,
मुक्काम रेडमंड, अमेरिका



आपले थोरले बंधू विंडोज १० हे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सेवानिवृत्त झाले. वाकड, थेरगाव, ताथवडे ते पार भोसरी-चाकणपर्यंत, सीएंच्या टेबलांवर, क्लासच्या काउंटरवर, कारखान्यांच्या स्टोअर आणि डिस्पॅचमध्ये आता आपला अंमल आहे. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही किंवा प्रोसेसर आपल्या यादीत बसत नाही, एवढ्यावरून धडधाकट यंत्रं बाद ठरली, नवी आली, आणि त्यांत आपण आधीच बसलेले होतात. एकटे आला असतात तर तक्रार नव्हती. पण आपल्यामागे सगळं वऱ्हाड असतं : कोपायलट, विजेट्स, टीम्स, वनड्राइव्ह, एक्सबॉक्स, क्लिपचॅम्प, नवं आउटलुक, आणि स्टार्ट मेन्यूत पाट मांडून बसलेली, कुणी टिचकी मारेल म्हणून ताटकळणारी आणखी काही मंडळी. कारखान्याच्या हिशेबनिसाला एक्सबॉक्स कशाला, असं विचारणं पाहुणचाराला शोभत नाही हे मान्य. तरी विचारतो, कारण हिशेबनिसाला टॅली उघडायची असते आणि जीएसटीची तारीख आपल्यासाठी थांबत नाही.

आपल्याला नीट वागता येत नाही असा माझा आरोप मुळीच नाही. उलट आपल्याला ते उत्तम येतं, आणि त्याचा पुरावा फार लांब नाही. महामार्ग ओलांडला की हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क. तिथल्या बड्या कंपन्यांत आपण ‘एंटरप्राइज’ या हुद्द्यावर कामाला असता. तिथल्या आयटी विभागानं जाहिरातीची ॲप आणू नका असं धोरण लावलं की आपण आणत नाही. यंत्राची माहिती रेडमंडला पाठवणं शून्यावर आणा म्हटलं की आणता. संध्याकाळी तिथलाच इंजिनिअर भूमकर चौकातली कोंडी सोसून वाकडला घरी येतो आणि मुलांचा लॅपटॉप उघडतो, तर समोर ‘होम’ या नावानं आपणच. रजिस्ट्री या आपल्या सेटिंग्जच्या वहीतली नोंद तीच, तिच्यापुढचं शून्यही तेच. पण होम आणि प्रो आवृत्तीत ते शून्य आपण ‘एक’ असं वाचता. ही कुणाची कुजबुज नाही, आपल्याच कंपनीच्या कागदपत्रांत तसं छापलेलं आहे. नको असलेली ॲप अडवणारं धोरण तर एके काळी प्रो आवृत्तीतही पाळलं जायचं. २०१६च्या विंडोज १०च्या वार्षिक अपडेटपासून ते एंटरप्राइज आणि एज्युकेशनपुरतं उरलं. येत होतं ते आपण जाणून विसरलात. आणि त्याही वरची एक आवृत्ती आहे, एलटीएससी. तिच्यात स्टोअर नाही, कोपायलट नाही. कारखान्यातली यंत्रं, दवाखान्यातली उपकरणं अशा ठिकाणांसाठी ती असते आणि तिच्या आयओटी प्रकाराला दहा वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. थोडक्यात, चाकणच्या असेंब्ली लाइनवरच्या पॅनेलला जी शांतता मिळू शकते, ती त्याच कारखान्याच्या मालकाला घरच्या लॅपटॉपसाठी दुकानात जाऊन विकत घेता येत नाही.

दुसरा पुरावा युरोपातला. तिथला डिजिटल मार्केट्स कायदा मार्च २०२४ मध्ये अमलात आला आणि तिथल्या ग्राहकाला एज ब्राउझर काढून टाकायची, सर्चमधून बिंगला निरोप द्यायची मुभा मिळाली. हे बटण बनवायला काही वेगळं विंडोज लिहावं लागलं नाही. सेटअपच्या वेळी कोणता देश निवडला होता, तेवढं आपण पाहता आणि बटण जागं करायचं की झोपवायचं ते ठरवता. विंडोज १०च्या वाढीव सुरक्षा अपडेटचंही तसंच. बाकी जगाला एका वर्षासाठी सेटिंग्जचा क्लाउड बॅकअप द्या, नाहीतर रिवॉर्डचे हजार गुण द्या, नाहीतर तीस डॉलर मोजा, अशी अट घातलीत. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथे ते या अटींशिवाय फुकट झालं. युरोपच्या या कडकपणामागे अनुभव आहे म्हणा. ब्राउझर निवडायची खिडकी दाखवू असं वचन देऊन विंडोज ७च्या एका सर्व्हिस पॅकमध्ये ती खिडकी गळाली, आणि २०१३ मध्ये त्याबद्दल ५६.१ कोटी युरोंचा दंड बसला. तांत्रिक चूक झाली असं आपल्या कंपनीनं सांगितलं. असेल बुवा.

तेव्हा मुद्दा असा की ‘नको’ म्हणायची सोय आपल्याकडे तयार आहे. फक्त ती घाऊक खरेदीदाराला आणि कडक कायद्याच्या देशाला मिळते. उरलेल्यांनी ती आडवाटेनं मिळवायची. त्या आडवाटेचं नाव ‘ऑटोअनअटेंड डॉट एक्सएमएल’. ही काही हॅकरांची करामत नाही, आपल्याच घराण्यातली जुनी चाल आहे : एनटीच्या काळात ती साधी टेक्स्ट फाइल होती, व्हिस्टापासून एक्सएमएल झाली. सेटअपचा पेनड्राइव्ह बनवायचा, ही फाइल त्यात कोणत्याही फोल्डरमध्ये न घालता सगळ्यात बाहेर ठेवायची, यंत्र सुरू करायचं आणि चहाला जायचं. आपण जे जे विचारणार त्याची उत्तरं तिच्यात आधीच लिहिलेली असतात : वेळ भारताची, कीबोर्ड इंग्रजीसोबत मराठीचा, करारनाम्याचा पडदा नको, ऑनलाइन अकाउंटचा पडदा नको, अमुक नावाचं लोकल अकाउंट काढा. पुढे एक छोटी स्क्रिप्ट जोडली की क्लिपचॅम्पपासून सॉलिटेअरपर्यंतची मंडळी पहिल्या लॉगिनच्या आतच बाहेर. उत्तरांच्या या फाइलमधली एक ओळ मात्र दाद देण्याजोगी आहे. तिचं नाव ‘प्रोटेक्ट युअर पीसी’. तिथे १ किंवा २ लिहिलं तर माहिती पाठवण्याच्या वगैरे सगळ्या ‘एक्स्प्रेस’ परवानग्या चालू होतात. बंद ठेवायच्या तर ३ लिहायचं. संरक्षणाच्या नावाखाली दार सताड उघडं ठेवण्याची ही कला आमच्याकडच्या सोसायटीच्या सिक्युरिटीलाही अजून साधलेली नाही.

‘सेटिंग्जमध्ये जाऊन एकेक बंद करा की, फाइल कशाला?’ असं आपले वकील म्हणतात. एका घरच्या एका लॅपटॉपला ते चालेल. पण क्लासच्या लॅबमध्ये वीस यंत्रं असतील तर प्रत्येकावर डझनभर पडदे धुंडाळायचे, ते कोणी आणि कधी? २०१७च्या सुमाराला तर विंडोज १०च्या सेटअपमध्ये आपली आवाजी मदतनीस कोर्टानाबाई मोठ्यानं बोलायची. रांगेनं यंत्रं लावणाऱ्या आयटीवाल्यांना एकाच वाक्याची वीस तोंडांतून, मागेपुढे होत जाणारी आरती ऐकावी लागे. संस्थांना त्याचा वैताग आला आणि २०१९च्या आवृत्तीत तिचं तोंड मुळातच बंद करण्यात आलं. कुठे? प्रो, एज्युकेशन आणि एंटरप्राइजमध्ये. होमच्या मालकाला काय, वेळच वेळ! शिवाय बंद केलेलं बंद राहील याची हमी कुठे आहे? फेब्रुवारी २०२५च्या एका सुरक्षा अपडेटबरोबर नवं आउटलुक विंडोज १०च्या यंत्रांवर आपोआप येऊन बसलं, आणि ते कसं अडवायचं याची रजिस्ट्रीतली युक्ती आपल्याच कंपनीला प्रसिद्ध करावी लागली.

अकाउंटची सक्ती ही त्यातली सगळ्यात महागडी मेहरबानी. इंटरनेट नाही तर सेटअप पुढे सरकत नाही. आणि नव्या यंत्राचं वायफाय कार्ड आपल्या सेटअपला ओळखता आलं नाही तर इंटरनेट येत नाही. या चक्रातून सुटायला ‘बायपास एनआरओ’ नावाची एक स्क्रिप्ट आपल्याच पोटात होती. मार्च २०२५ मध्ये चाचणी आवृत्तीतून ती काढलीत. कारण दिलं सुरक्षेचं आणि आमच्या अनुभवाचं. आता अनुभवच सांगतो. सेटअपमध्ये अकाउंट दिलं की वनड्राइव्हचा बॅकअप न विचारता सुरू होतो, हे २०२४ मध्ये जगभर बोललं गेलं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर क्लाउडवर जातात, पाच जीबीची फुकट जागा भरते आणि मग जागा विकत घ्या म्हणून घंटा वाजू लागते. आमच्या पट्ट्यात लहान व्हेंडरच्या डेस्कटॉपवर काय असतं? मोठ्या वाहन कंपनीनं गुप्ततेच्या करारावर सही घेऊन दिलेलं सुट्या भागाचं ड्रॉइंग. ते त्याच्या संगणकाबाहेर गेलं आणि त्याला पत्ताच नाही, हे त्यानं ग्राहकाच्या ऑडिटरला कोणत्या तोंडानं सांगायचं? दुसरी गोष्ट डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरच्या भावंडाची. २४एच२ आवृत्तीपासून नव्यानं बसवलेल्या यंत्रात, होममध्येसुद्धा, डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या अकाउंटमध्ये जाते. कुलूप चांगलंच आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर त्याचे उपकारच. पण दुकानदारानं गिऱ्हाइकाची घाई म्हणून सेटअपपुरतं कुठलंतरी अकाउंट उघडून दिलं असेल तर किल्ली कोणाकडे आहे हे मालकाला ठाऊकच नसतं. ते कळतं मदरबोर्ड बदलल्यावर, निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागितली जाते तेव्हा.

आता आपल्या बाजूचं जे खरं आहे तेही लिहितो. बिघाड दुरुस्त करायला यंत्रांची माहिती लागते, पटलं. मग एंटरप्राइजला ती बंद करायची मुभा कशी? तिथले बिघाड काय आपोआप दुरुस्त होतात? ‘तुमच्याकडच्या बाजारात चोरीच्या प्रती किती चालतात ते आधी पाहा,’ हाही टोमणा रास्त आहे. पण जाहिराती चोराला दिसतात आणि पैसे मोजणाऱ्याला दिसत नाहीत, असं तर नाही ना? रोख पैसे देऊन घेतलेल्या होममध्येही स्टार्ट मेन्यूतल्या ‘शिफारसी’ चालूच असतात. ‘मग लिनक्स घ्या’ हा सल्ला मात्र निम्माच खरा. केरळनं शाळांत मुक्त सॉफ्टवेअर चालवून दाखवलं आहे, आणि डेबियन-रेडहॅटकडे अशीच उत्तरांची फाइल वर्षानुवर्षं आहे, तीही वऱ्हाडाशिवाय. पण टॅली विंडोजवर, डिजिटल सहीची टोकनं विंडोज गृहीत धरून, आणि मराठी छपाईचा मोठा भाग श्रीलिपीवर, म्हणजे पुन्हा विंडोजवरच. ज्याला सोडून जाता येत नाही त्याला ‘आवडत नसेल तर जा’ म्हणणं ही दांडगाई झाली.

आमच्या बाजूनंही कमी गाढवपणा होत नाही. ‘हलकं विंडोज’ म्हणून कुणीतरी सोलून काढलेली तयार प्रत उतरवायची आणि तिच्यावर बँकेचे व्यवहार करायचे. डिफेंडर आणि अपडेट बंद करून वेग वाढला म्हणून मिशीवर ताव द्यायचा. स्टोअर मुळासकट उपटायचं आणि मग कॅल्क्युलेटर अपडेट होत नाही म्हणून रडायचं. उत्तरांच्या फाइलमध्ये ‘डिस्क पुसा’ अशी ओळ असली तर आपण न विचारता पुसता, आणि तिच्यात लिहिलेला पासवर्ड जेमतेम झाकलेला असतो, कुलूपबंद नसतो. म्हणूनच ही फाइल दुकानादुकानांतून हातोहात फिरावी असं मला वाटत नाही. अधिकृत प्रतीत सरळ प्रश्न नाही म्हणून ती फिरते.

आणि तो प्रश्न विचारणं आता केवळ सौजन्याचं उरलेलं नाही. आमच्या देशाच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि स्पष्ट असावी लागते, आणि त्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आहेत, पूर्ण अंमल टप्प्याटप्प्यानं होईल. आधीच टिक केलेल्या चौकटी आणि खाली एकच ठळक ‘स्वीकारा’ हे त्या व्याख्येत कसं बसतं ते आपले वकील सांगतीलच. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडवर लादलेल्या ॲपवरून गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. अपिलात काही निर्देश गळाले, दंड टिकला. तिथल्या खटल्यात आपण नव्हतात, पण निकाल वाचायला हरकत नसावी.

मागणी एकच आहे. होम आणि प्रोच्या सेटअपमध्ये, लायसन्सच्या पडद्यानंतर, तीन प्रश्न साध्या भाषेत विचारा : अकाउंट ऑनलाइन की लोकल, कामाची ॲप तेवढीच की सगळी, माहिती पाठवायची की नाही. कोणत्याही चौकटीत आधी टिक नको. मिळालेलं उत्तर पुढच्या अपडेटनंतरही पाळा, आणि किल्ली कुठे ठेवलीत ते मालकाला जाताना सांगा. हे सगळं आपल्याकडे बनलेलं आहे. काही फ्रान्समध्ये चालतं, काही हिंजवडीत चालतं. महामार्गाच्या अलीकडेही चालू करावं, ही विनंती.

कळावे,
वाकडचा एक परवानाधारक वापरकर्ता