बेसला ऑइलपेंट नको

टोरांटो

ती. काकांस,


गणपतीआधी घराला रंग काढताय हे कळलं, बरं वाटलं. दारं, खिडक्यांची ग्रिलं, देवघरातला पाट आणि त्याच हातासरशी ‘कपाटावरची गिटार’ अशी कामांची यादी तुम्ही पाठवलीत. पहिल्या तीन बाबींना आमचा बिनशर्त पाठिंबा आहे. चौथीवर मात्र लेखी हरकत नोंदवून घ्यावी, कारण सोसायटीची सेक्रेटरीगिरी केलेल्या माणसापुढे तोंडी हरकत टिकत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की वाद्य दुरुस्त करायचं ते वाजण्यासाठी, आणि या बेस गिटारमधलं वाजण्याचं सगळं काम गळ्यावरच्या शिसवी पट्टीवर चालतं. पैसा, काचपेपर आणि कसबी हात, जे काही लावायचं ते तिथे लावा. अंगाचे टवके उडालेत ते उडालेलेच राहू देत.

यादीत कंसात ‘पडदे गळून पडलेत, नवे बसवणे’ असंही आहे, म्हणून आधी त्याचा निकाल लावू. पडदे गळलेले नाहीत. पट्टीवर ज्या फिकट रेघा दिसतात, त्या फ्रेट, म्हणजे पडदे, काढल्यावर राहिलेल्या खाचांत पातळ लाकडी पट्ट्या भरून मुद्दाम ठेवलेल्या खुणा आहेत, तेव्हा पेंटरने त्यात लांबी भरू नये. लिओ फेंडरने 1951 मध्ये बेस गिटार बाजारात आणली तेव्हा तिची मोठी जाहिरात फ्रेटचीच होती: बोट कुठेही पडो, सूर बरोबर. पुढे वादकांनाच त्या सोयीचा कंटाळा आला. 1966 मध्ये अँपेगने बिनपडद्यांची बेस विकायला काढली आणि 1970 मध्ये खुद्द फेंडरनेही. आता तुम्ही म्हणाल, पडदे नसतील तर सूर चुकणारच. चुकतोच. या बेसची तार 864 मिलिमीटर लांब आहे. नटपासून (गळ्याच्या टोकाशी तार जिच्यावर टेकते ती आडवी पट्टी) पहिला अर्धस्वर साधारण 48 मिलिमीटरवर येतो, आणि वर सप्तकाशी पोचेपर्यंत तेच अंतर 26 मिलिमीटरपर्यंत आवळत जातं. म्हणजे खाली पाच मिलिमीटरची चूक कदाचित खपून जाईल, वर तीच उघडी पडेल. पण सारंगीला पडदे नाहीत, सरोदला नाहीत, आणि ज्या गजाननबुवा जोशींचं व्हायोलिन तुम्ही आजही कानाला हात लावून ऐकता त्या व्हायोलिनलाही नाहीत. मींड घ्यायची तर मधे पायऱ्या नकोत, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत. तो नियम फक्त वीज लागणाऱ्या वाद्याला लागू नाही, असं म्हणता येणार नाही.

खरी गोष्ट तंबोऱ्यातली आहे. तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित उतरत्या पाठीला घासत सुटते, म्हणून तो झंकार येतो. त्यालाच आपण जवारी म्हणतो. घोडीच्या या पाठीचा तारेच्या कंपनावर काय परिणाम होतो, ते सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्येच दाखवलं होतं. एरवी जिथे तार छेडली तिथे स्थिर बिंदू असणारे वरचे स्वर उठायला नकोत, पण तंबोऱ्यात ते उठतात. बिनपडद्यांच्या बेसचा जो हंबरल्यासारखा, ओढलेला आवाज आहे तोही याच जातीचा. बोटापुढे तार लाकडाला जेमतेम शिवत जाते. म्हणून ती पट्टी म्हणजे हातभर लांब जवारीच समजा. मिरजेचे कारागीर (त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं) तंबोऱ्याला लाखेचं पॉलिश करतातच की, असा मुद्दा तुम्ही काढाल हे मला ठाऊक आहे. करतात, पण पातळ हाताने, आणि वाद्य पारखलं जातं ते चकाकीवर नाही, जवारीवर. चकचकीत भोपळा आणि बसकी जवारी असा तंबोरा तुम्ही तरी घरात घ्याल का?

तेव्हा काम करायचं ते असं. पट्टीच्या दोन्ही टोकांना तार बोटाने दाबून धरायची आणि मधे तारेखालची फट बघायची. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी असली तर नेक, म्हणजे गळा, ठीक. जास्त असली तर नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते, ती पाव फेरा आवळायची, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. त्यानंतर पट्टी. ती सपाट नसते, आडवी किंचित गोलाई असते; त्याच गोलाईच्या ठोकळ्याला काचपेपर लावून, नटपासून शेवटापर्यंत लांब हात मारत, तारांनी पाडलेले चर जातील एवढंच घासायचं. पेंटरच्या मशीनला मज्जाव. मशीन एका जागी क्षणभर थांबलं की तिथे खळगा पडतो आणि त्या जागचे स्वर खरखरतात. शेवटी जवसाच्या उकळलेल्या तेलाचा पातळ हात द्यायचा आणि फडक्याने पुसून काढायचा. काकूंचं खोबरेल नको, ते वाळत नाही, त्यावर धूळ बसते. आणि जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप पेट घेऊ शकतं.

इथे सगळ्यात भक्कम हरकत जाको पास्टोरियसच्या नावाने येते, आणि तुमचा नातू ती तुम्हाला पुरवल्याशिवाय राहणार नाही. या वाद्याचा हा अमेरिकन उस्ताद. त्याच्या 1962 च्या फेंडर बेसचे फ्रेट काढलेले होते, खाचांत लाकडाचा लगदा भरला होता आणि पट्टीवर चक्क बोटींना लावतात तो इपॉक्सी चढवला होता. मग आपण ड्यूको मारला तर काय बिघडलं? बिघडलं असं की जाकोने तो थर दिसण्यासाठी दिला नव्हता. तो ज्या वेटोळ्या पोलादी तारा वाजवायचा त्या लाकूड कानशीसारख्या खातात, आणि त्याला पट्टी टणक हवी होती. त्याच्या बेसचं अंग बघा, रंग झिजलेला. 1986 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती चोरीला गेली, वीसेक वर्षांनी सापडली, आणि ओळखली गेली ती अंगावरच्या जुन्या खुणांवरून. नवाकोरा रंग असता तर कुणी ओळखली असती?

राहिला अंगाचा प्रश्न. चार लोकांत वाईट दिसतं, हे मान्य. रंग लावल्याने आवाज बिघडेल असं मात्र मी म्हणणार नाही. ठोस लाकडाच्या विजेच्या बेसमध्ये रंगाने आवाजात फारसा फरक पडत नाही. पण मग नवा रंग मिळवून देणार काय? उलट नुकसान ठरलेलं आहे. जिथे नेक अंगाला चार स्क्रूंनी बसते त्या खोबणीत रंगाचे दोन हात चढले तर नेक नीट बसत नाही, जराशी तिरकी होते, आणि कडेची तार पट्टीबाहेर निसटायला लागते. पिकअपच्या (तारेचं कंपन टिपणाऱ्या चुंबकाच्या) खोलीत बुरबुर थांबवणारा काळा लेप असतो, तो पेंटर ‘घाण’ म्हणून खरवडून टाकणार. शिवाय जुन्या वाद्याचा मूळ रंग गेला की किंमत पडते. फ्लॅटचं उलट असतं हे खरं, पण बेसला कार्पेट एरिया नसतो. तुमच्या डोंबिवलीच्या दमट हवेत उघडं लाकूड कुजेल ही भीतीही बाळगू नका. घरात कपाटावर ठेवलेलं लाकूड कुजत नाही, फार तर किंचित फुगतं आणि दिवाळीनंतर बसतं. दमटपणाचा खरा धोका रंगालाच आहे. ऐन श्रावणात लॅकर मारलं की ते पांढरं पडतं, आणि इपॉक्सीवर तेलकट साय धरते. ही माहिती मी इथून देण्यापेक्षा उल्हासनगरच्या कुठल्याही फर्निचरवाल्याला विचारा.

आणि ती पट्टी शिसवाची आहे हे विसरू नका. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने कल्याण बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात कापडाबरोबर ज्या ओंडक्यांची नोंद केली, ते बरेच अभ्यासक शिसवाचेच मानतात. आज त्याच लाकडावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत. 2 जानेवारी 2017 पासून गिटारवाल्यांनाही सीमेपार पाठवायच्या मालासाठी कागदपत्रं करावी लागत होती. तयार वाद्यांना सूट मिळाली ती 26 नोव्हेंबर 2019 ला. पट्टीची जाडी पाचसहा मिलिमीटर. त्यातलं एक पेंटरच्या हौसेपायी भुशात गेलं तर दुकानात जाऊन पुन्हा आणता येत नाही.

म्हणून विनंती: पेंटरला ग्रिलं आणि पाट मनसोक्त रंगवू द्या, बेसची पेटी बंदच असू द्या. दसरा होऊन हवा कोरडी झाली की एखाद्या व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवा आणि त्याच्याकडून फक्त पट्टीचं काम करून घ्या. पैसे मी पाठवतो. काकूंना नमस्कार.

तुमचा,
पुतण्या