साडेसहाचा उमेदवार

यवतमाळच्या दत्त चौकात संध्याकाळी चहाला उभं राहिलं की उमेदवारांच्या जाती ओळखू येतात. गळ्यात नॅपकिन, पायात धावायचे बूट असले की पोलीस भरती. वाढलेली दाढी आणि काखेत चालू घडामोडी असल्या की एमपीएससी. आणि कप हातात धरून नुसतेच ओठ हलवणारा दिसला, की तो आयेल्ट्सवाला. त्याला आयर्लंड, कॅनडा, नाहीतर मावसभाऊ जिथून बर्फातले फोटो टाकतो तो देश गाठायचा असतो. त्यासाठी आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत ९ पैकी साडेसहा बँड हवेत.

एरवी गरीब प्राणी. कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त त्याच्याशी हवापाण्याचं बोलू नये. "काय ऊन तापलंय!" म्हटलं की तो क्षणभर डोळे मिटतो आणि सांगतो, "द हीट इज डेट्रिमेंटल." मे महिन्यातलं यवतमाळचं ऊन डेट्रिमेंटल आहे हे कळल्यानं कुणाला गार वाटल्याचं मी पाहिलेलं नाही.

आमच्या गल्लीतल्या उमेदवाराच्या वडिलांचं कृषी केंद्र आहे. त्यामुळे शब्दांची वही म्हणजे बियाणे कंपनीनं दिवाळीला दिलेली डायरी. पानाच्या वर टपोरं बोंड, तळाशी तणनाशकाची जाहिरात, आणि मधल्या जागेत लाल शाईत शब्द, निळ्या शाईत अर्थ, हिरव्या शाईत स्वतःचं वाक्य. हिरवं पेन अजून नवंकोरं आहे. रोजचे २० शब्द म्हणजे २०. ताप आला तर दुसऱ्या दिवशी ४०. डायरी पुरेना तेव्हा चिठ्ठ्या फ्रिजवर, कोठीवर, फवारणीच्या पंपावर चढल्या. देवघराच्या चौकटीवर 'युबिक्विटस' लागला त्या दिवशी आजी कडाडली, "काहून रे, आता देवालेही परीक्षा द्याची हाये का?" अर्थ 'सर्वत्र असणारा'. सगळ्या घरात तेवढी एकच चिठ्ठी योग्य जागी लागली होती, पण आजीनं तीच फाडली.

त्याचा मूळ ग्रंथ म्हणजे न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड बाईंनी २००० साली प्रसिद्ध केलेली शैक्षणिक शब्दांची यादी. एकंदर ५७० शब्दकुळं. इंग्रजीतली नेहमीच्या वापरातली २००० शब्दकुळं वाचणाऱ्याला येतातच, असं धरून बाईंनी ती यादीतून वगळली. आमच्या पठ्ठ्यानं प्रस्तावना वगळली आणि यादी घोकली. त्यामुळे त्याचं इंग्रजी दोन हजारांच्या पुढं सुरू होतं.

याचा प्रत्यय मला तोंडी परीक्षेच्या सरावात आला. त्यानं मला परीक्षक केलं होतं. (इंग्रजी पेपर वाचणारा माणूस गल्लीत दुसरा नाही.) कार्डावर विषय येतो, विचाराला एक मिनिट मिळतं, मग दोन मिनिटांपर्यंत एकट्यानं बोलायचं. विषय निघाला प्रवासाचा. गड्यानं यवतमाळ-नागपूर एसटी काढली. सुरुवात दणक्यात: ट्रान्सपोर्टेशन, इन्फ्रास्ट्रक्चर, सिग्निफिकंट. बस कळंबला पोचेपर्यंत सगळं सुरळीत. पुढं सांगायचं होतं एवढंच, की खिडकी अडकली होती आणि शेजारच्या बाईंना उलटी येत होती. तिथं गाडी बंद पडली. "द विंडो वॉज... द विंडो वॉज नॉट फ्लेक्झिबल." आणि बाई? त्यानं छताकडे पाहिलं, आवंढा गिळला. "द लेडी हॅड अ निगेटिव्ह इम्पॅक्ट."

मी म्हटलं, "अरे, बोलण्याच्या परीक्षेत शब्दसंपत्तीला चौथाई गुण. उरलेले ओघ, व्याकरण आणि उच्चार यांना. त्या चौथाईतही शब्द जागच्या जागी बसतो का, हे पाहतात." तो दयेनं हसला. "काका, तुमचा जुना पॅटर्न." आमच्याकडे भाव वाढेल या आशेनं लोक कापूस घरात भरून ठेवतात, तसे यानं शब्द भरलेत. साठवलेल्या कापसानं घरच्यांच्या अंगाला खाज सुटते. इथंही सोसतात ते घरचेच.

वडिलांचा हिशेबही कापसातच चालतो. परीक्षेची फी पंधरा हजारांच्या वर, म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल. पूर्वी इथला कापूस शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि पुढं बोटीनं मँचेस्टरला जायचा. त्याला कुणी साडेसहा बँड मागितले नव्हते.

परवा निकाल आला. एकूण बँड ६. पोरगं पंख्याकडे बघत पडून राहिलं. वडिलांनी दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर सहाला नवानं भागलं, शंभरनं गुणलं, आकडा दोनदा तपासला आणि तडक पेढे आणले. दिवसभर युरियाच्या प्रत्येक पावतीबरोबर एक पेढा. मीही गेलो.

"सहासष्ट टक्के!" ते म्हणाले. "फर्स्ट क्लासात पास होऊन रडून राह्यला लेकाचा!"

मी हळूच म्हटलं, त्याला साडेसहा हवे होते.

"अर्ध्या मार्कासाठी काय जीव देते का?" त्यांनी पेढा माझ्या तोंडात कोंबला. "अन् नवापैकी नऊ तं त्या इंग्रजाइच्या पोराइलेही भेटत नसन!"