जेवण कॅलिफोर्नियाच्या वेळेने

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका आपली घड्याळं तासभर मागे घेते आणि पुण्याच्या कोथरूडमधली जेवणं तासभर पुढे जातात. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातले सकाळचे नऊ म्हणजे इथले रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. पौड रोडवरच्या सोसायट्यांत हा हिशेब आता पोळ्यांच्या मावशींनाही पाठ आहे. हिंजवडीच्या कोंडीतून सुटून, चांदणी चौक ओलांडून आलेला पोरगा हात धुतो, अमेरिकेच्या कॉलसाठी लॅपटॉप उघडतो आणि आई कुकर लावण्याआधी विचारते, ‘‘म्यूटवर आहेस ना रे?’’

कामाच्या तासांवर बोलायचा पुण्याला जरा जास्तच हक्क आहे. इन्फोसिसचा जन्म 1981 साली पुण्यातला, तोही सुधा मूर्तींनी दिलेल्या दहा हजार रुपयांवर. दोन वर्षांत कंपनी बंगळूरला गेली, ते सोडा. ऑक्टोबर 2023 मध्ये तिचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांनी बोली थेट 90 वर नेली आणि वर विचारलं, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार? कोथरूडमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही. बायको त्याच वेळी शेजारच्या खोलीत दुसऱ्या कंपनीच्या कॉलवर असते.

गंमत पुढेच आहे. 2025 च्या मध्यावर खुद्द इन्फोसिस घरून काम करणाऱ्यांना मेल धाडू लागली, की तुमची रोजची सरासरी सव्वानऊ तासांच्या वर गेली आहे, तब्येतीला जपा. पाच दिवसांचे झाले 46 तास 15 मिनिटं. संस्थापकांना 70 हवेत आणि कंपनीला 46 च्या पुढे काळजी वाटते. मधले पावणेचोवीस तास टाइमशीटमध्ये कुठल्या कोडखाली टाकायचे, हे कोणी सांगेल तर बरं.

ज्यांना काम जास्त ते सुखी म्हणावेत, अशीही परिस्थिती आहे. टीसीएसने जून 2025 मध्ये नियम केला, वर्षाला किमान 225 दिवस बिलेबल, म्हणजे ग्राहकाला बिल लावता येईल असं काम; बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, 35 दिवसांच्या वर नाही. पुढच्याच महिन्यात सुमारे 12 हजार जणांची कपात जाहीर झाली. ‘नाइट्स’ ही पुण्याची आयटी कर्मचारी संघटना कामगार खात्याकडे तक्रारी घेऊन गेली. बेंचवरचा माणूस दिवसभर कामं वाटणाऱ्या आरएमजी विभागाच्या मागे प्रोजेक्ट मागत फिरतो आणि संध्याकाळी सहाला घरी येतो. सोसायटीतल्या काकूंना वाटतं, हल्ली वेळेवर येतोय, स्थळं बघायला हरकत नाही.

एका ठिकाणी मात्र विनोद थांबतो. जुलै 2024 मध्ये ईवाय या लेखापरीक्षण आणि सल्लागार कंपनीच्या पुणे कार्यालयातली 26 वर्षांची सनदी लेखापाल रुजू झाल्यापासून चार महिन्यांत गेली. आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरात देशभर वाचलं गेलं. मृत्यूमागे कामाचा ताण होता, हे कंपनीने नाकारलं. कामगार खात्याचे अधिकारी तपासणीला पोचले तेव्हा आढळलं, की 2007 पासून चालणाऱ्या त्या कार्यालयाकडे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणीच नव्हती. कामाचे तास ठरवणारा कायदा हाच. सतरा वर्षं तो बाहेरच्या बाहेर उभा होता आणि आत बोलवावं असं सरकारलाही सुचलं नव्हतं.

राज्याच्या 2017 च्या त्या कायद्यात मुळात दिवसाला नऊ तासांची मर्यादा होती; आठवड्याला 48 तासांची आहे, जादा तासांना दुप्पट वेतनही आहे. हे कलम सकाळच्या स्टँडअप मीटिंगला मोठ्याने वाचून पाहावं, टीम पोट धरून हसेल. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यावर उपाय शोधला. रोजची मर्यादा नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. नियम मोडणाऱ्यांना कायद्यात बसवण्याची ही पद्धत पुण्याच्या पार्किंगलाही लागू करता येईल.

उलट्या दिशेचा एक प्रयत्न कोथरूडच्या शेजारून झाला. खडकवासला ज्या बारामती मतदारसंघात येतो तिथल्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत विधेयक मांडलं, की ड्यूटी संपल्यावर कंपनीचा फोन न उचलण्याचा हक्क असावा. डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा मांडलं. खासदारांच्या अशा खासगी विधेयकांपैकी आजवर 14 चेच कायदे झालेत, शेवटचा 1970 साली. तरी बातमी आली त्या रात्री बऱ्याच जणांनी ती उत्साहाने स्टेटसला ठेवली. अर्थात, आधी मॅनेजरला वगळून.