लघवीच्या बाटलीत चारित्र्य

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला जायचं तर पदवी लागते, पोलिसांचा दाखला लागतो आणि तिथं पोचल्यावर लघवीही द्यावी लागते. ई-2 व्हिसावर आलेल्या शिक्षकाची ठरलेल्या रुग्णालयात तपासणी होते. गांजा, अफूचे पदार्थ, कोकेन, मेथअँफेटामाइन. यातलं काही सापडलं की नोकरी गेली, व्हिसाही गेला.

मुलांसमोर उभा राहणारा माणूस नशेत नसावा. यावर वाद घालायला कुठलाही पालक पुढे येणार नाही, मीही येणार नाही.

प्रश्न वेगळा आहे. मुलांसमोर फक्त परदेशीच उभे राहतात का?

या नियमाचा जन्म पाहा. ऑक्टोबर 2007 मध्ये ख्रिस्तोफर पॉल नील हा कॅनडाचा माणूस थायलंडमध्ये पकडला गेला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी इंटरपोल त्याच्या मागावर होतं आणि हा गृहस्थ कोरियात शिकवून गेला होता. पालक हादरले. हादरणारच. काही आठवड्यांत सरकारनं नवे नियम आणले. परदेशी शिक्षकांकडून गुन्हेगारी नोंदीचा दाखला मागितला, तो योग्यच होता. सोबत अमली पदार्थांची आणि एचआयव्हीची चाचणीही लावली.

भीती लैंगिक अत्याचाराची आणि तपासणी रक्तालघवीची.

विकृती कुठल्या प्रयोगशाळेत सापडते?

उलसानमध्ये शिकवणाऱ्या न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेनं 2009 मध्ये या चाचण्या पुन्हा द्यायला नकार दिला. कोरियन सहकाऱ्यांना त्या द्याव्या लागत नव्हत्या. परदेशी नागरिकत्व असलेल्या, पण कोरियन वंशाच्या शिक्षकांनाही लागत नव्हत्या. मग मलाच का, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिचा करार पुढे वाढला नाही. तिनं संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभाव निर्मूलन समितीचं दार ठोठावलं. समितीनं 2015 मध्ये तिच्या बाजूनं कौल दिला. 2017 मध्ये कोरियानं एचआयव्हीची अट काढून टाकली.

साधा प्रश्न होता. उत्तर मिळायला आठ वर्षं गेली.

अमली पदार्थांची चाचणी मात्र राहिली. पुढे 2021 मध्ये कोरियन उमेदवारांनाही शिक्षकाचा परवाना घेताना ती बंधनकारक झाली. हे चांगलंच झालं. पण याचा अर्थ, सगळ्यांना एकच नियम लावणं शक्य होतं. मग मधली तेरा-चौदा वर्षं काळजी नेमकी कशाची चालली होती? मुलांची, की परक्या चेहऱ्यांची?

आता या चाचणीला कळतं तरी काय, ते पाहू.

गांज्यातलं टीएचसी शरीरातल्या चरबीत मुरतं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याच्या खुणा कित्येक आठवडे सापडू शकतात. केसांत त्या महिनोन्महिने राहतात. दारू मात्र काही तासांत उतरते. म्हणजे टोरांटोत, जिथं 2018 पासून गांजा कायदेशीर आहे, तिथं सुट्टीत ओढून आलेला शिक्षक कोरियात नापास होऊ शकतो. रोज रात्री बाटली संपवून सकाळी जड डोक्यानं वर्गात शिरणारा मात्र याच चाचणीत पास होतो.

मुलांना त्रास कुणाचा जास्त? बाटलीवर ते लिहून येत नाही.

पण थांबा. यावरून परदेशी शिक्षकांनी टाळ्या वाजवायचं कारण नाही.

कोरियात गांजा ओढल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच कोटी वॉनपर्यंत दंड होऊ शकतो. 2019 मध्ये चीनमधल्या शूझोउ शहरात अमली पदार्थांच्या प्रकरणात 16 परदेशी पकडले गेले. त्यातले 7 शिक्षक होते. जपानमध्ये पूर्वी गांजा बाळगणं गुन्हा होता, ओढण्याला वेगळी शिक्षा नव्हती. डिसेंबर 2024 पासून ओढणंही गुन्हा झालं, सात वर्षांपर्यंत कैद. ‘आमच्याकडे चालतं’ हे वाक्य यातल्या एकाही पोलीस ठाण्यात कामाला येत नाही.

यायलाही नको. ज्याच्या देशात राहायचं, पगार घ्यायचा, त्याचा कायदा पाळायचा. यात अपमान कसला?

थायलंडनं तर शिक्षकांची आणखी पंचाईत करून ठेवली. जून 2022 मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, बँकॉकच्या रस्त्यारस्त्यावर दुकानं उघडली. जून 2025 मध्ये पुन्हा लगाम खेचला. आता गांज्याच्या फुलासाठी डॉक्टरची चिठ्ठी हवी. तीन वर्षांत पूर्ण गिरकी. मागच्या सत्रातल्या मित्राचा सल्ला या सत्रात तुरुंगाची वाट दाखवू शकतो.

म्हणून सल्ला मित्राचा नको, कायद्याचा घ्या.

डॉक्टरची चिठ्ठीही प्रत्येक सीमा ओलांडत नाही. मार्क फोगेल हा अमेरिकी इतिहासशिक्षक मॉस्कोच्या अँग्लो-अमेरिकन स्कूलमध्ये शिकवायचा. ऑगस्ट 2021 मध्ये विमानतळावर त्याच्या सामानात सुमारे 17 ग्रॅम गांजा सापडला. पाठीच्या जुन्या दुखण्यासाठी अमेरिकेत डॉक्टरांनी सुचवलेला. रशियन न्यायालयानं शिक्षा दिली 14 वर्षांची. तो सुटला फेब्रुवारी 2025 मध्ये, तेही दोन सरकारांच्या सौद्यात.

17 ग्रॅमना 14 वर्षं! कायदा पाळायला हवा हे खरं, पण याला न्याय म्हणायची माझी तयारी नाही. आपल्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरला जातो आणि तो बाळगल्याची शिक्षा फार तर एक वर्ष आहे. कायदा कडक असावा, पण त्याला वजनकाटा दिसायला हवा.

आपल्याला काय त्याचं, असं नागपूर-पुण्यात बसून म्हणू नका. आखाती देशांतल्या भारतीय शाळांत मराठी शिक्षक आहेत. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार 2010 मध्ये लागू झाल्यापासून पात्र भारतीय इंग्रजी शिक्षकांना कोरियाचंही दार किलकिलं झालंय.

मग हे ऐकून ठेवा. महाशिवरात्रीची भांग आपल्या एनडीपीएसमध्ये गांजा ठरत नाही, कारण त्या व्याख्येत पानं धरलेली नाहीत. पण लघवीच्या चाचणीला पान आणि फूल वेगळं कळत नाही; दोन्हीत टीएचसी तेच. संयुक्त अरब अमिरातीत तर अमली पदार्थ रक्तात सापडला तरी गुन्हा होऊ शकतो. तिथं खसखसही बंदीच्या यादीत आहे. दिवाळीच्या फराळातला अनारसा दुबईच्या विमानतळावर तुमच्यावर उलटू शकतो. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलच्या गोळ्या न्यायच्या तर आधी परवानगी काढावी लागते.

हे सगळं जाण्याआधी कोण सांगणार? एजंट पैसे घेताना पगाराचा आकडा सांगतो, राहण्याची सोय सांगतो. चाचणी कशाची, कधी आणि नापास झालं तर पुढे काय, हेही लेखी द्यायला त्याला भाग पाडलं पाहिजे. ज्या नोकरीत एका चुकीची किंमत कैद आहे, तिथं माहिती हा उपकार नाही. तो शिक्षकाचा हक्क आहे.

आणि सरकारांना एवढंच सांगणं. चाचणी घ्यायची तर वर्गात शिरणाऱ्या प्रत्येकाची घ्या. स्थानिकाची, परक्याची, मुख्याध्यापकाचीही. निकाल चुकीचा वाटला तर फेरतपासणी मागायची सोय ठेवा. मुलांवरच्या अत्याचाराची भीती असेल तर जुन्या शाळांकडे चौकशी करा, तक्रार करणाऱ्या मुलाचं ऐका, तक्रार दाबणाऱ्याला घरी पाठवा. हे काम बाटलीपेक्षा अवघड आहे. मुलं वाचतात ती याच कामानं.

शिक्षक तपासायचा तर वर्गाच्या दारात तपासा. व्हिसाच्या खिडकीवर फक्त परका तपासला जातो.