डागतज्ज्ञ

डागतज्ज्ञ हा कचेरीत आढळणारा, पन्नाशी ओलांडलेला पुरुष. हिशेब, स्टोअर, प्रशासन, कुठल्याही खात्यात तो असू शकतो. नरिमन पॉइंटपासून हिंजवडीपर्यंत प्रत्येक मजल्याला एक तरी असतोच, म्हणून त्याच्या रूपाचं वर्णन अनावश्यक आहे. कुठे काही सांडलं की बोलावल्याशिवाय येणं, हात पाठीमागे बांधणं, डागाला एक प्रदक्षिणा घालणं आणि "रॉकेल आहे का?" असं विचारणं, ही त्याची लक्षणं.

हा प्रश्न त्याच्या सगळ्या निदानांचं मूळ आहे. लिफ्टचं दार करकरलं, रॉकेल. शिक्क्याची शाई बोटांना लागली, रॉकेल. खुर्चीला च्युइंगगम चिकटला, व्हाइटबोर्डवर कुणी पक्क्या मार्करनं लिहिलं, पंच मशीन अडकलं, तरी रॉकेल. सर्व्हर बंद पडला तेव्हा तो शब्द त्याच्या ओठांपर्यंत येऊन परत गेला, असं संगणक खात्यातले लोक सांगतात.

त्याचा खरा कस लागतो तो कार्पेटवर ऑइलपेंट सांडल्यावर. ऑडिटच्या आदल्या दिवशी अग्निशमनाच्या पाइपला लाल रंग देण्याची रीत सर्वत्र आहे. शिडीवर रंगाऱ्याचा पोरगा, शिडीच्या पायरीवर डबा, खाली करडं कार्पेट. पुढचं सांगायला नको.

अशा वेळी पहिला धावतो तो पाणीवाला. ऑइलपेंट पाण्यात विरघळत नाही. बाटलीभर पाणी ओतल्यानं डाग फक्त ऐसपैस होतो. दुसरा घासणारा. घासल्यानं रंग धाग्यांच्या मुळाशी जातो आणि धागे पिंजारतात. तिसरी हिशेब खात्यातून नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन येते. त्यातल्या अ‍ॅसिटोननं कार्पेटच्या पाठीचा चिकटा सुटू शकतो. या तिघांनाही डागतज्ज्ञ एका हातानं थांबवतो. इथपर्यंत त्याचं शास्त्र बिनचूक असतं. मग तो झाडूवाल्या मावशींकडे वळतो. "मावशी, रॉकेल आहे का?"

"साहेब, आता गावाकडंबी मिळंना."

योग्य रीत अशी. सांडलेला रंग आधी पुट्टीच्या पत्र्यानं किंवा जाड पुठ्ठ्यानं कडेकडून मध्याकडे उचलून घ्यावा. उरलेला पांढऱ्या कापडानं टिपावा. रंगीत कापडाचा रंग कार्पेटला लागतो. मग मिनरल टर्पेंटाइन घ्यावं, पण ते कार्पेटवर ओतू नये. कचेरीतल्या कार्पेटच्या पाठीला अनेकदा लॅटेक्स किंवा डांबराचा थर असतो. टर्पेंटाइन तिथवर झिरपलं की तो मऊ पडतो आणि धागे सुटे होतात. म्हणून ते कापडावर घ्यावं, आधी कपाटामागच्या कोपऱ्यात लावून पाहावं आणि मग कडेकडून आत, थोडं थोडं टिपत जावं. कापडाची स्वच्छ बाजू दर वेळी बदलावी. रंग यायचा थांबला की भांडी धुण्याच्या साबणाचं कोमट पाणी लावून टिपावं, मग साधं पाणी, शेवटी कोरडं कापड. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आसपास सिगरेट नको. रंग टिपलेल्या कापडाचे बोळे ढिगानं कचऱ्यात टाकू नयेत. ऑइलपेंट वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. ढिगातली उष्णता बाहेर पडली नाही तर बोळे आपोआप पेटू शकतात. ते बाहेर पसरून वाळवावेत किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावेत.

हे सगळं डागतज्ज्ञाला तोंडपाठ असतं, फक्त टर्पेंटाइनच्या जागी तो रॉकेल म्हणतो. न्यायानं पाहिलं तर दोन्ही एकाच कुळातली, खनिज तेलातूनच निघालेली. पण रॉकेल सावकाश उडतं, मागे तेलकटपणा ठेवतं आणि त्यावर धूळ बसते. रेशनचं रॉकेल तर निळं असायचं. त्यानं लाल डाग काढायला घेणं म्हणजे ऑडिटरसमोर एकाऐवजी दोन रंग मांडणं. हे त्याला सांगितलं तर तो क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, "पांढरं रॉकेल मिळतं का कुठे?"

ही सगळी चर्चा होईपर्यंत रंग वाळलेला असतो. ऑइलपेंटमधलं टर्पेंटाइन उडून जातं आणि उरलेलं रेझिन ऑक्सिजनशी जोडलं जाऊन घट्ट होतं. मग टर्पेंटाइननं ते विरघळत नाही. मोकळ्या धाग्यांच्या गालिचाची टोकं कात्रीनं छाटता येतात. कचेरीतली कार्पेटं मात्र बहुधा वेटोळ्यांच्या विणीची असतात. एक वेटोळं कापलं की अख्खी ओळ उसवत जाऊ शकते.

या टप्प्याला देखभालीचा कंत्राटदार येतो आणि टाइल बदला म्हणतो. कचेरीतलं कार्पेट बहुधा 50 सेंटिमीटर चौरसांचं असतं. पण त्या रंगाची खेप आता मिळत नाही, आणि नव्या खेपेची टाइल जुन्यांमध्ये डागापेक्षा जास्त उठून दिसते. तेव्हा पोराची रोजी कापायची, एवढ्यावर कंत्राटदाराचं शास्त्र संपतं.

डागतज्ज्ञ काही न बोलता आपल्या कपाटाकडे जातो. कपाटावर, दहा वर्षांच्या डायऱ्यांच्या खाली, कार्पेट घातलं तेव्हा उरलेल्या तीन टाइल्स वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असतात. सगळे टाकायला निघाले होते. त्यानं टाकू दिल्या नाहीत. ज्या काळात सायकलची चेन, स्टोव्हचा बर्नर आणि रंगाऱ्याचे हात एकाच डब्यातल्या रॉकेलनं साफ होत आणि वस्तू टाकून देणं हा शेवटचा उपाय असे, तो काळ त्याच्याबरोबर या कचेरीत नोकरीला आहे. पुट्टीच्या पत्र्यानं तो टाइल उचलतो आणि पाठीवरचा बाण पाहून नवी त्याच दिशेनं बसवतो. बाण चुकला तर टाइल वेगळ्याच छटेची दिसते. पोराला तो नाव विचारतो, गाव विचारतो, डबा शिडीवर ठेवायचा नसतो हेही सांगतो. मजल्यावर पोराचं नाव विचारणारा तो एकटाच.

रंग मात्र चार टाइल्सवर सांडलेला असतो. चौथी तो स्वतःच्या टेबलाखालून काढतो आणि डागाळलेली तिथे सरकवतो. ऑडिटर येतात, पाइपचा रंग पाहतात, समाधानानं जातात. डागच दिसत नसल्यामुळे पोराची रोजी कापता येत नाही. महिनाअखेरीच्या अहवालात 'डाग पूर्णपणे काढला' अशी नोंद होते आणि तिच्यापुढे कंत्राटदाराचं बिल लागतं.