ऐसपैस

इंग्लंडात कॅरॅव्हॅन विकताना लांबी-रुंदी नंतर सांगतात. आधी सांगतात, आत किती जण झोपतील. टू-बर्थ, फोर-बर्थ, सिक्स-बर्थ. इंग्रजाच्या लेखी हा आकडा कमाल असतो. मराठी माणसाच्या लेखी तो किमान. सिक्स-बर्थ म्हणजे दहा जण आरामात, आणि मुलं धरलीच नाहीत. मला छोटी हवी होती ती याच भीतीपोटी. अर्थात सासरचे नातलग लेस्टरला राहत असताना असली कारणं उघड बोलायची नसतात. त्यामुळे मी तांत्रिक बाजू लावून धरली.

सौ.ची बाजू पलंगाची होती. मोठीत पलंग कायमचा घातलेला असतो, मागे न्हाणीघर, शिवाय ओव्हन. छोटीत पलंग रोज रात्री नव्यानं उभारायचा. टेबल खाली घेऊन दोन बाकांच्या मधोमध बसवायचं, वर बाकांच्या पाठीच्या गाद्या रचायच्या. शेवटची गादी कुठूनही घातली तरी चार बोटं जास्तच भरते. ती गुडघ्यानं दाबावी, तर पहिली टुणकन वर येते. एकाला झोप आली, की दुसऱ्यानं चहाचा कप घेऊन दाराबाहेर उभं राहायचं. आणि बाहेर पाऊस. ‘‘शिवाय पोह्यांना फोडणी दिली की वास उश्यांना,’’ हा तिचा हुकमी एक्का.

मी वजनावर आलो. कॅरॅव्हॅनवाल्यांचा जुना सल्ला आहे, की सामानासकट कॅरॅव्हॅनचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नये. आमची गाडी १,४०० किलोची. म्हणजे सगळं मिळून १,१९० किलो. त्यातच गॅसचं सिलिंडर, कुकर, आणि ‘अगदी लागेल तेवढंच’ या नावाखाली निघणारं सामान.

‘‘पण साध्या परवान्यावर आता ३,५०० किलोपर्यंत ओढता येतं. डिसेंबर २०२१पासून,’’ ती म्हणाली. बायका नियम वाचून येतात.

‘‘सरकारनं वेगळी परीक्षा काढून टाकली. आपल्या इंजिनाचं सरकारनं काहीच केलेलं नाही!’’

मग मी इतिहासात शिरलो. हौसेखातर कॅरॅव्हॅन बांधून घेणारे पहिले गृहस्थ म्हणून डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांचं नाव घेतात. आरमारातले निवृत्त डॉक्टर. १८८५मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ बांधून घेतली. चांगली ऐसपैस, दोन घोड्यांची. पण बरोबर एक गाडीवान आणि एक नोकर होता. ‘‘आपल्याकडे ही दोन्ही पदं मीच भूषवणार,’’ मी म्हणालो. यावर तिनं हरकत घेतली नाही. पण मोठीही सोडली नाही.

शेवटी बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात मी तिला एरिबासमोर उभं केलं. छोटीशी, गोलसर, छप्पर वर उचललं की आत ताठ उभं राहता येतं. नावातले ‘एरि’ आणि ‘बा’ हे एरिक बाखेम या जर्मन अभियंत्याचे. दुसऱ्या महायुद्धात याच माणसानं सरळ उभं उडणारं रॉकेट-विमान तयार केलं होतं. ‘‘एवढ्याशा जागेत माणूस कसा बसवायचा, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?’’

‘‘त्या विमानातून खाली कसं यायचं?’’

‘‘पॅराशूटनं उडी मारून.’’

‘‘बघा म्हणजे!’’ ती म्हणाली. पण आत शिरून तिनं कपाटं उघडली, बाकावर बसून पाहिलं, ओट्यावरून हात फिरवला आणि बाहेर येऊन शांतपणे म्हणाली, ‘‘बरं, छोटीच घ्या.’’

इतक्या सहजासहजी हा सामना संपेल असं वाटलं नव्हतं. मी विक्रेत्याशी पैशांचं बोलू लागलो, तेवढ्यात तिनं त्याला ऑनिंगचं विचारलं. तो खुलला. दाराच्या बाजूनं पन्हळीत ओवायचा कापडी मांडव. आतून झोपायचे कप्पे लावले, की आणखी चार जणांची सोय. आणि मांडवाची उभी भिंत गुंडाळून वर घेतली, की फोडणीसुद्धा उघड्यावर.

माझी सही व्हायच्या आत लेस्टरला फोन लागला होता.

‘‘दादा, ऑगस्टमध्ये सगळे मोकळे आहात ना? छे रे, अडचण कसली! यांनी मुद्दाम छोटी घेतलीय. आम्ही दोघं आत, तुम्ही सगळे बाहेर ऐसपैस!’’