जन्मजात टकले टायर

जुना टायर विकायला काढला की गिऱ्हाईक आधी त्यावरून अंगठा फिरवतं. नक्षी किती उरलीय ते अंगठ्याला बरोबर कळतं. आमच्या मालाची पंचाईत अशी, की त्याला जन्मापासून नक्षीच नव्हती. भाच्याच्या जुन्या होंडा सिटीच्या पुढच्या चाकांचे ते ड्रॅग रेसिंगचे स्लिक. 402 मीटर सरळ सुटायचं, थांबायचं आणि परत रांगेत उभं राहायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती होतात. भाच्याचं लग्न ठरलं, होणाऱ्या सासऱ्यांनी गाडीकडे एकदाच पाहिलं आणि शर्यतीचं प्रकरण मिटलं. मागे उरले दोन स्लिक, चार मॅकव्हील आणि एक प्रश्न : "मामा, महाडला तुझी ओळख आहे ना?"

ओळख म्हणजे एक चुलतबहीण. तेवढ्या भांडवलावर आम्ही छोटा हत्ती भरून निघालो.

भोर सोडलं, नीरा-देवघरचं पाणी बाजूला लागलं आणि वरंध घाट सुरू झाला. सरळ पळण्यासाठीच बनवलेला माल कुठे विकू नये, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने हा रस्ता जरूर बघावा. 402 मीटर सोडाच, चाळीस मीटर सरळ मिळाले तरी भाचा हळहळायचा. वाघजाईपाशी भजी खायला थांबलो. एक माकड हौद्यात चढलं, स्लिकवर बसलं, खाली वाकून वास घेतला आणि निघून गेलं. पहिलं गिऱ्हाईक असं हातचं गेलं. भजीवाल्याने डोकावून विचारलं, "असले टकले टायर घेऊन घाट उतरताय? गाडीला लावलेले तरी धड आहेत ना?"

"हे विकायचेत," मी म्हणालो.

"कुणाला?" त्याने झारा थांबवून विचारलं. इतका मुद्द्याचा प्रश्न पुण्यात आम्हाला कुणीच विचारला नव्हता.

महाडात चवदार तळ्यावरून गेलो. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब जिथे पाणी प्यायले, तिथे टायरचा विषय काढायचा नाही एवढी अक्कल आम्हा दोघांना होती. विषय निघाला तो बहिणीने सांगितलेल्या पंक्चरवाल्या काकांकडे. त्यांचा पहिला प्रश्न, "पुरातले नाहीत ना?" त्यांच्या भिंतीवर कॉम्प्रेसरच्या बऱ्याच वर पाण्याची रेघ होती, जुलै 2021 ची. त्या पुरानंतर इथे कुठलीही जुनी वस्तू आधी या परीक्षेला बसते. शपथेवर 'नाही' सांगितल्यावर काकांनी माल हातात घेतला.

आणि हातात घेतला तो असा, की डॉक्टरने शिकावं. रिम फरशीवर आडवी टाकून चारी बाजूंनी दाबली, डगडगते का पाहिलं. मग पान्याने टकटक करत गोल फिरले. कान अगदी खाली. तडा असेल तर आवाज बद्द येतो म्हणाले. टायरच्या बगलेवरचे शेवटचे चार आकडे चष्मा वर करून वाचले : 3219. "2019 चा बत्तिसावा आठवडा. रबराचं वय झालं." भाच्याने सांगून पाहिलं, की हे रबर मुद्दाम मऊ असतं, सुटण्यापूर्वी जागेवर फिरवून तापवलं की रस्त्याला चिकटतं. काकांनी शांतपणे विचारलं, "आणि पावसात?"

भाचा गप्प. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या गावात या प्रश्नाला उत्तर नसतं. पाणी बाहेर फेकायला खाचाच नाहीत. टायर पाण्यावर तरंगणार. कायद्याने मोटारीच्या टायरला किमान 1.6 मिलिमीटर खोल नक्षी लागते, आमची शून्य.

रिम मात्र खपल्या. स्विफ्टवाला एक मुलगा आईला घेऊन आला. दोन्ही गाड्यांना चार होल, मापही तेच, त्यामुळे भाचा सिटीचे नटही फुकट देऊ लागला. काकांनी एक नट उचलून स्विफ्टच्या बोल्टवर हातानेच फिरवला. दीड आटा गेला आणि अडकला. "सिटीचा आटा दीडचा, स्विफ्टचा सव्वाचा. पान्याने दाबलात तर बसल्यासारखा वाटेल, आणि महामार्गावर चाक तुमच्या पुढे पळेल." फुकट म्हणून घेतलेले नट काय करतात ते त्या माउलीला कळलं, आणि त्या धक्क्यातच तिने 18 हजारांचे 11 केले.

स्लिक घेऊन पोलादपूरला गेलो. चहाच्या टपरीवर बैलगाडा शर्यतीचे एक शौकीन आजोबा भेटले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी दिल्यापासून त्यांची तब्येत सुधारली होती म्हणे. भाच्याने अभिमानाने सांगितलं, "402 मीटर चौदा सेकंदात!"

"बरं. मग?"

"मग संपली शर्यत."

"आमचीही तेवढ्यातच संपते," आजोबा म्हणाले, "पण बैल घरी येऊन शेण तरी देतो."

टायर त्यांनी घेतले नाहीत. चहाचे पैसे दिले.

दोन्ही स्लिक अजून आमच्या पडवीत आहेत. बंद धावपट्टीवर पळवायचे असतील तर या, स्वस्तात देऊ. रस्त्यावरच्या गाडीला लावायचे असतील तर फुकटसुद्धा मिळणार नाहीत.